अर्थिंग

चावी फिरवली की काहीच नाही.
म्हणजे दिवे लागतात, तेलाचा लाल ठिपका उजळतो,
पण स्टार्टर ढिम्म.
जुलैचं हिव. ह्युऑन नदीवर धुकं बसलंय,
उठायचं नाव नाही.
सफरचंदाच्या छाटलेल्या फांद्यांचे ढीग
ओळीओळीतून तसेच पडलेले,
आणि बावीस हॉर्सपॉवरचा हा केशरी ट्रॅक्टर
शेडमध्ये चार दिवस.

लॉर्ना डायरीन म्हणाली, बॅटरी धर.
कुठली, मी विचारलं.
हातातली. दुसरीचं मी बघते.

फोन खिळ्यांच्या डब्याला टेकवून उभा केलेला.
त्यात तिचा भाऊ क्लेम, लॉन्सेस्टनहून.
आठवड्यातून तीनदा
त्याचं रक्त यंत्रातून फिरून परत येतं,
त्या खुर्चीवरूनच बोलत होता.
मधूनच ते यंत्र शीळ घालायचं.
ट्रॅक्टर त्याचाच. गावात राहणं जमेना, तेव्हा मार्चमध्ये
बहिणीच्या दारात आणून लावला,
आणायच्या आधी रंगाचे दोन हात देऊन.
बापाच्या नदीकाठच्या तुकड्यावरून
अकरा वर्षं बोलणं नव्हतं दोघांचं.
तसं आताही नव्हतं.
आता व्होल्ट बोलत होते.

"सीटखालचा स्विच बघ."
सीटखाली उंदरांनी बाळंतपण उरकलेलं,
चिंध्या, काड्या, आणि मधोमध
कुरतडलेली हिरवी वायर.
तिनं ती सोलली, पीळ घातला,
डाख देताना ओठ आत ओढून धरले,
नळी चढवली.
चावी.

टक्.

एकच. कुणी दारापर्यंत येऊन
कडी न वाजवता मागे फिरावं तसं.

"टक् झालं म्हणजे सोलेनॉइड शाबूत. बॅटरी किती?"
"बारा पॉइंट सहा."
"चावी दाबून धर. आता?"
"बारा पॉइंट चार."
"म्हणजे ती द्यायला बसलीये. तिच्याकडून कुणी घेत नाहीये."
लॉर्नानं फोनकडे पाहिलं नाही.
"एक टोक निगेटिव्हला लाव. दुसरं इंजिनाच्या उघड्या लोखंडाला.
चावी दाबल्यावर शून्याच्या आसपास पाहिजे."
मीटरनं सात दाखवले.
यंत्राची शीळ. मग पुन्हा शीळ.
"अर्थ लागत नाहीये," क्लेम म्हणाला,
आणि थोडा वेळ
तिथं कुणालाच लागला नाही.

सतराचा पाना. आधी बॅटरीची तार सोडवली,
ती हे कधी विसरत नाही.
मग बोल्ट, कुरकुरत.
विणलेली चपटी पट्टी बाजूला झाली
आणि खाली, जिथं नुसतं लोखंड हवं,
तिथं केशरी.
गुळगुळीत, एक ओघळ नाही.
पट्टी सोडवून, मागे ब्रश घालून
दोन्ही हात नीट वाळू देऊन मारलेला रंग.
मार्चमध्ये बोल्टचे आटे कसेबसे लोखंडाला चावत असणार,
उन्हाळी तेल पातळ होतं, निभावलं.
थंडीत नाही निभावलं.

"काय आहे गं?"
माझ्या हातातली बॅटरी हलली.
लॉर्ना म्हणाली, "गंज."
"नदीची हवा."
"हो. नदीचीच."

पॉलिश पेपर नव्हता हाताशी.
तिनं चाकूच्या पात्यानं खरवडलं, सावकाश,
नाण्याएवढी जागा पांढरी होईपर्यंत.
केशरी भुगा तिच्या बाहीवर पडत राहिला.
बोटभर ग्रीस. पट्टी. बोल्ट. तार.

या वेळी टक् ऐकू आलंच नाही,
एकदम घरघर, काळा धूर,
शेडच्या पत्र्यावरून साळुंक्या उडाल्या.
फोनमधून तो ओरडत होता
की दोन नंबरचा इंजेक्टर अजून खोकतोय, साफ करून घे,
आणि नर्स त्याला हात हलवू नका म्हणत होती.

मग, इंजिन जरा शांत झाल्यावर:
"रंग टिकलाय का?"

"टिकलाय," लॉर्ना म्हणाली
आणि नखात अडकलेलं केशरी
पँटला पुसलं.